हौशी कथा आणि वाचकाचा नकार : निवडीच्या इतिहासातील एक प्रकरण



वाचनाचा इतिहास शिकताना आपण बहुधा वाचली गेलेली पुस्तके पाहतो. कोणत्या कादंबरीच्या किती आवृत्त्या निघाल्या, कोणते मासिक कोणत्या घरांत जात होते, ग्रंथालयाच्या नोंदवहीत कोणत्या लेखकाचे नाव वारंवार येते, या प्रश्नांना पुरावे सापडतात. या घटकात आपण उलट बाजूने जाणार आहोत. वाचकाने काय वाचायचे टाळले, आणि कशामुळे टाळले?

त्यासाठी आपण हौशी कथा निवडली आहे. हौशी म्हणजे मानधनाची अपेक्षा न ठेवता, प्रकाशकाशिवाय लिहिलेली आणि आज मुख्यतः इंटरनेटवर ठेवलेली. तुम्ही स्वतः अशा कथा वाचत असाल, तर हा अनुभव तुमच्या परिचयाचा आहे : समोर शेकडो नावांची यादी असते, अंगठ्याने ती वर सरकत राहते, आणि बहुतेक कथांना आपण उघडण्यापूर्वीच नाकारतो. हा नकार काही क्षणांत घडतो. पण त्याला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

अभ्यासाची एक अडचण सुरुवातीलाच लक्षात घ्या. निघून गेलेला वाचक मागे पुरावा ठेवत नाही. आवडलेल्या कथेखाली लोक चार शब्द लिहितात. पहिल्या परिच्छेदावरून परत फिरलेला माणूस काहीच लिहीत नाही. मग त्याला शोधायचे कुठे? उत्तर असे की, त्याला थांबवण्यासाठी लेखकांनी आणि संपादकांनी जे उपाय केले त्यांत. दुकानात ‘उधार मागू नये’ अशी पाटी असली, तर तिथे उधार मागणारे येऊन गेले हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. हौशी कथेच्या माथ्यावरही अशा पाट्या आहेत. त्या आपण वाचू.

छापखाना घरी आला तेव्हा

अमेरिकेत १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लहान, स्वस्त, टेबलावर मावतील अशी छपाईयंत्रे विक्रीला आली. शाळकरी वयाची मुले त्यांवर स्वतःची चार-आठ पानांची नियतकालिके छापू लागली आणि टपालाने एकमेकांना पाठवू लागली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे तिला प्रतिस्पर्धी संघटनाही निघाल्या. भयकथांसाठी पुढे प्रसिद्ध झालेला एच. पी. लव्हक्राफ्ट १९१४ मध्ये अशाच एका संघटनेत आला. तिच्या ‘जाहीर समीक्षा’ विभागाचे काम त्याच्याकडे होते. सभासदांच्या अंकांवर तो सविस्तर अभिप्राय लिही. व्याकरणाच्या चुका, बिघडलेले यमक, झिजून गेलेली कल्पना, अशा गोष्टींवर त्याची नजर असे.

म्हणजे तक्रारी जुन्याच आहेत. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. त्या काळी वाचक थोडे होते, ते बहुतेक स्वतःच लेखक होते, आणि टपालाने आलेला अंक हातात पडला की तो चाळला जाईच. नापसंती वाचून झाल्यावर येत असे. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतील हस्तलिखितांचेही तसेच होते. कोणी तरी शिक्षक लेख निवडत, सुंदर अक्षराचा एखादा विद्यार्थी ते उतरवून काढी, आणि त्या एकाच प्रतीपुढे पाळीपाळीने सगळे बसत. नाकारण्याचे काम वाचकापर्यंत येण्याआधीच कोणी तरी करून ठेवलेले असे.

लेफ्टनंट मेरी स्यू

सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी ‘स्पॉकॅनेलिया’ हे केवळ या मालिकेला वाहिलेले हौशी नियतकालिक काढले. अशा अंकांना फॅनझिन म्हणतात. सायक्लोस्टाइलवर काढलेली पाने, टाचून बांधलेली, आणि खर्चापुरती किंमत घेऊन टपालाने पाठवलेली. लेखक, संपादक आणि वाचक यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. मालिकेतील पात्रे घेऊन त्या नव्या कथा रचत. यालाच आज आपण फॅन फिक्शन म्हणतो.

या कथांत एक साचा वारंवार दिसू लागला. एक नवी तरुणी अंतराळयानावर येते. ती वयाने सर्वांत लहान, रूपाने सर्वांत देखणी आणि बुद्धीने सर्वांत तल्लख असते. कॅप्टनसह सगळे तिच्या प्रेमात पडतात, ती सगळ्यांचे प्राण वाचवते आणि शेवटी बहुधा करुण मरण पत्करते. मूळ पात्रांना हात चोळत बसण्यापलीकडे काम उरत नाही. १९७३ मध्ये पॉला स्मिथ या संपादिकेने आपल्या ‘मिनॅजरी’ या फॅनझिनमध्ये या साच्याची पानभराहूनही लहान अशी विडंबनकथा छापली. तिची नायिका साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातील सर्वांत तरुण लेफ्टनंट. नाव मेरी स्यू. हे नाव इतके चपखल बसले की, पन्नास वर्षांनंतरही कुठल्याही भाषेतील चाहते ते वापरतात. ‘अमुक कथेत मेरी स्यू आहे’ एवढे म्हटले की कथा नाकारण्याचे कारण पुरे होते.

इथे जरा थांबू, कारण या प्रकरणाचा खरा पेच इथे आहे. तक्रार रास्त होती. आवडत्या पात्रांना भेटायला आलेल्या वाचकाला त्यांच्याऐवजी लेखिकेचेच दिवास्वप्न वाचायला मिळाले, तर तो वैतागणारच. पण नाव एकदा तयार झाले की त्याचा पट्टा रुंद होत जातो. कॅमिल बेकन-स्मिथ यांनी १९९२ च्या ‘एंटरप्रायझिंग विमेन’ या ग्रंथात या लेखिकांच्या समुदायाचा अभ्यास मांडला. कथेत कुठलीही नवी स्त्री-व्यक्तिरेखा आणली की तिच्यावर मेरी स्यूचा शिक्का बसतो, म्हणून आपण स्त्री-पात्रे लिहिणेच टाळतो, असे काही लेखिकांनी त्यांना सांगितले. ज्या थोड्या जागी स्त्रिया स्त्रियांसाठी लिहीत होत्या, तिथेच नायिका लिहिण्याची धास्ती निर्माण झाली. दुसरीकडे, एकट्याच्या बळावर जग वाचवणारे आणि प्रत्येक सुंदरीला भुरळ घालणारे पुरुष नायक छापील कादंबऱ्यांत आणि सिनेमांत सुखाने नांदत होते. त्यांना कोणी दिवास्वप्न म्हणत नव्हते. जेम्स बाँडचे उदाहरण या वादात नेहमी येते, आणि ते चुकीचे नाही.

माझे मत असे की, एका वाचकाची नावड निरुपद्रवी असते. तिला नाव मिळाले आणि ते सर्वांच्या तोंडी बसले की ती नियमासारखी वागू लागते. इतिहासकाराने पाहायचे ते या दुसऱ्या टप्प्याकडे.

कथेच्या माथ्यावरच्या पाट्या

१९९० च्या दशकात हौशी कथा कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आली. संपादक गळून पडला. टपालखर्चही गेला. आता कोणीही, कितीही लिहून सर्वांपुढे ठेवू शकत होते. निवडण्याचे सगळे ओझे वाचकाच्या डोक्यावर आले, आणि त्याची सोय म्हणून लेखक कथेआधी माहितीचा एक ठरावीक मजकूर देऊ लागले.

‘द एक्स-फाइल्स’ या १९९३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या चाहत्यांचा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. नायक मल्डर आणि नायिका स्कली यांच्यात प्रेम दाखवावे की नाही यावर चाहत्यांत तट पडले होते. प्रेम हवे असणाऱ्यांना ‘रिलेशनशिपर’ आणि त्याचे संक्षिप्त रूप म्हणून ‘शिपर’ म्हणत. ‘शिप’ हा आज सगळीकडे ऐकू येणारा शब्द तिथूनच पसरला. प्रेम नको असलेल्या वाचकाला पाचव्या पानावर अचानक चुंबन भेटले तर तो भडके. म्हणून कथेच्या माथ्यावर नाव, प्रकार, जोडी, वयोगट, थोडक्यात आशय आणि कोणत्या भागांतील रहस्य फुटेल याची सूचना येऊ लागली. ही शेवटची सूचना विशेष गरजेची होती, कारण मालिकेचे भाग वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी दाखवले जात. या मजकुरातली प्रत्येक ओळ म्हणजे पूर्वी कोणाला तरी आलेला राग आहे, असे समजून तो वाचून पाहा.

१९९८ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ हे प्रचंड कथाभांडार सुरू झाले. तिथे कथा यादीत दिसे ती नाव आणि दोन-तीन ओळींचा परिचय एवढ्यावर. या दोन-तीन ओळी हीच आता उंबरठ्यावरची परीक्षा झाली. त्या ओळींतच शब्द चुकला असेल तर आत काय असेल? पात्राचे नावच चुकीचे लिहिले असेल तर? आणि ‘मला परिचय लिहिता येत नाही, पण कथा चांगली आहे, वाचून तर पाहा’ हे वाक्य तर इतक्या कथांवर दिसू लागले की, ते दिसताच पुढे सरकायचे असा अनेक वाचकांचा रिवाज झाला. ‘ही माझी पहिलीच कथा, सांभाळून घ्या’ हेही तसेच. वाचकाला धरून ठेवण्यासाठी लिहिलेली विनवणीच त्याला घालवू लागली. पुरावा म्हणून मात्र ही विनवणी मोलाची आहे. ती लिहिणारे हात बहुतेक वेळा तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचे होते. त्यांना उपहास आधीच माहीत झाला होता, म्हणून ते आधीच माफी मागत होते.

चुका टाळण्यासाठी प्रसिद्धीपूर्वी दुसऱ्याकडून कथा वाचून घेण्याची पद्धत रूढ झाली. अशा वाचकाला ‘बीटा’ म्हणतात. शब्द संगणकप्रणालीच्या चाचणीवरून आला. गेलेला संपादक असा मागच्या दाराने, बिनपगारी, परत आला.

एक अपवाद नोंदवायला हवा. २००६-०७ मध्ये याच भांडारावर ‘माय इम्मॉर्टल’ नावाची हॅरी पॉटरवरची एक कथा भागाभागाने आली. शुद्धलेखन, कथानक, व्यक्तिरेखा यांतले बिघडू शकेल ते सगळे तिच्यात बिघडले होते. वाचकांनी ती टाकली नाही. उलट ती शोधून शोधून, मोठ्याने हसत वाचली. ती खरोखरच अजाणपणे लिहिली होती की मुद्दाम केलेली थट्टा होती, यावर आजही वाद आहे. वाचकाला घालवणारे दोष एका मर्यादेपलीकडे गेले की तेच त्याला ओढतात.

अपुरी कथा

नावडीच्या कारणांत अर्धवट सोडलेल्या कथेचे स्थान फार वरचे आहे. तीस भाग होतात, नायिका रुग्णालयात असते, आणि लेखकाची परीक्षा सुरू होते किंवा उत्साह संपतो. पुढचा भाग कधीच येत नाही. एकदा पोळलेले वाचक मग पूर्ण झालेल्या कथाच उघडतात.

मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः दिल्या. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. तरी ‘करमणूक’चा वाचक पुढचा अंक घेत राही, कारण त्यात इतर मजकूरही असे आणि आपट्यांच्या नावावर विश्वास होता. अनोळखी टोपणनावाच्या लेखकाला ही पत मिळत नाही. पण यात एक चक्र आहे. कथा पूर्ण होईपर्यंत थांबू असे सगळ्यांनीच ठरवले, तर चालू कथेला वाचक उरत नाही; आणि वाचक नसला की हौशी लेखक थांबतो, कारण त्याची मिळकत तेवढीच असते.

टॅगची चाळणी

२००७ मध्ये दोन प्रकारच्या असंतोषातून पुढची संस्था जन्मली. कथा ठेवणारी व्यापारी संकेतस्थळे कधी जाहिरातदारांच्या, कधी तक्रारदारांच्या दबावाखाली मजकूर काढून टाकत होती. फॅनफिक्शन डॉट नेटने प्रौढांसाठीच्या कथा २००२ मध्येच बंद केल्या होत्या. शिवाय चाहत्यांच्या लेखनावर नफा कमावू पाहणारेही आले होते. कादंबरीकार नओमी नोविक आणि इतरांनी मिळून एक ना-नफा संस्था स्थापली. तिचे कथाभांडार, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, नोव्हेंबर २००९ मध्ये लोकांना खुले झाले. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथाक्षेत्रातील ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या भांडाराचे धोरण असे : फारसे काही काढायचे नाही, पण वाचकाला आधी सांगायचे. टोकाची हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांशी लैंगिक संबंध या चार बाबींसाठी ठरावीक इशारे आहेत. लेखक इशारा देऊ शकतो, ‘यांतले काही नाही’ असे म्हणू शकतो, किंवा ‘मी सांगणार नाही’ असेही जाहीर करू शकतो. हा तिसरा पर्याय मला सर्वांत शहाणा वाटतो. रहस्य राखण्याचा लेखकाचा हक्क त्यात राहतो, आणि धोका पत्करायचा की नाही हे वाचक डोळसपणे ठरवतो. ज्याने घरात कोणाचा मृत्यू नुकताच पाहिला आहे, त्याने आज अशी कथा टाळली तर त्याला नाजूक म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

याखेरीज लेखक स्वतःच्या शब्दांत हवे ते टॅग लावतो, आणि स्वयंसेवक समानार्थी टॅग एकमेकांशी जोडतात. वाचक हवे ते मागू शकतो आणि नको ते वगळूही शकतो. नकार आता यंत्रात भरता येतो; नावडती कथा नजरेस पडतच नाही.

मग टॅगच त्रासदायक झाले. ‘द अनटेम्ड’ या चिनी मालिकेच्या विश्वावरील एका कथेला सतराशेहून अधिक टॅग होते. ती यादीत आली की फोनवर अंगठा दुखेपर्यंत सरकवावे लागे. २०२१ मध्ये भांडाराने एका कथेला ७५ टॅगची मर्यादा घातली. वाचकाला मदत करण्यासाठी काढलेल्या सोयीनेच त्याची वाट अडवली होती.

देवनागरीतला उंबरठा

आतापर्यंतची उदाहरणे बहुतेक इंग्रजीतली होती. भारतीय भाषांत वाचक कशाने मागे फिरला? पहिले उत्तर साहित्याचे नाहीच. ते अक्षराचे आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा होती, पण सर्वसामान्यांच्या संगणकावर ती चालू लागली विंडोज २००० नंतर, आणि फोनवर आणखी उशिरा. तोवर मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टमध्ये टाइप होई. तोच फॉन्ट वाचणाऱ्याकडे नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा कचरा दिसे. त्यावर उपाय म्हणून कित्येकांनी रोमन लिपीत मराठी लिहिले. ते वाचताना डोळे थकतात, म्हणून तेही अनेकांनी सोडले. युनिकोडनंतरही ‘दऱ्या’ लिहायचे आणि ‘दर्या’ उमटायचे. डोंगरातली कथा समुद्रात जायची.

२०१४ मध्ये बंगळूरुत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या मंचांमुळे मराठीसह अनेक भारतीय भाषांतील हौशी कथा थेट फोनवर आली. तुम्ही इंदूर, बडोदा किंवा बेळगावात शिकत असाल, आणि जवळच्या दुकानात मराठी पुस्तके मिळत नसतील, तर हा फरक तुम्हाला सांगायला नको. तक्रारीही ओळखीच्या आहेत : प्रत्येक वाक्यानंतर टिंबांची माळ, निवेदनात हसरे चेहरे, कंपनीचा तुसडा मालक आणि करारापुरते लग्न, दोन मिनिटांत संपणारा भाग.

पण सर्वांत पुढे असते ते शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि शाळांतून तेच शिकवले जातात. ऱ्हस्व-दीर्घ चुकले की सराईत वाचक कपाळाला आठी घालतो. इथे मेरी स्यूची आठवण ठेवा. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ हे टंकलेखनाचे दुर्लक्ष असू शकते. ती लेखिकेच्या घरची बोलीही असू शकते. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० मध्ये आली. तिच्यातील वऱ्हाडी आपण चूक म्हणून वाचत नाही. मुखपृष्ठावर प्रकाशकाचे नाव आहे, मागे समीक्षकांची मान्यता आहे. तीच वऱ्हाडी अनोळखी नावाखाली फोनवर दिसली तर किती जण दुसऱ्या परिच्छेदापर्यंत जातील? आळसाने राहिलेली चूक आणि बोलीचे रूप यांतला फरक कळायला पानभर तरी वाचावे लागते, आणि उंबरठ्यावरचा वाचक ते पानच वाचत नाही. नियम शिकलेल्या घरातून आलेला लेखक यात आपोआप पुढे राहतो.

स्वाध्याय

तुमच्या भाषेतील एका हौशी कथेचे फक्त पहिले दर्शन घ्या : नाव, चित्र, परिचयाच्या ओळी, टॅग, लेखकाची टीप. कथा उघडू नका. यातली प्रत्येक गोष्ट कोणत्या वाचकाच्या कोणत्या नावडीला उत्तर म्हणून तिथे आली असावी, हे दोन पानांत लिहा. त्यानंतर कथा पूर्ण वाचा, आणि तुम्ही ती एरवी उघडली असती का, हे तिसऱ्या पानावर लिहा.